वरची तार

पडद्यावर उडती तबकडी समुद्रातून वर आली, तिच्या वर एक पांढरी रेघ चमकली आणि चाळीस प्रेक्षकांनी एकदम आरोळी ठोकली, "तार!" मग सगळ्यांनी हात उंचावून हवेतली दोरी ओढली. मंडळाचा तसा रिवाजच होता. मंडळ टाकाऊ सिनेमांवर प्रेम करणाऱ्यांचं. प्रेम म्हणजे महिन्यातून एकदा असागाया भागातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या थिएटरात जमायचं आणि दुपारभर खिदळायचं.

पहिल्या रांगेत आजचे पाहुणे बसले होते, शहाऐंशी वर्षांचे कुझुमी तेत्सुओ. साठ वर्षांपूर्वी या सिनेमाची ट्रिक-दृश्यं करताना ती तबकडी त्यांनीच उडवली होती. शेजारी त्यांची नात मिओ. आजोबांनी जन्मभर काय केलं ते तिनं एकदा तरी पाहावं, म्हणून ते ठेवणीतला कोट घालून तिला घेऊन आले होते. मिओही हसत दोरी ओढत होती.

सिनेमा संपल्यावर अध्यक्ष हिराबायाशींनी माईक हातात घेतला. हे दातांचे डॉक्टर. त्यांच्या सुटलेल्या पोटावर ताणलेल्या शर्टवर तबकडी छापली होती आणि तिच्या वर तीच पांढरी रेघ. त्या गरिबीच्या दिवसांत बारीक तार मिळत नसेल, नाही का, असं त्यांनी अगदी आदरानं विचारलं.

"ती तार नाही," कुझुमी म्हणाले. "रिळावरचा ओरखडा आहे."

सभागृहाला म्हातारा भारी गोड वाटला. हिराबायाशींनी दाढ उपटण्याआधीचा आवाज काढला. "कुझुमीसान, बावीस वर्षं आम्ही ती तार बघतोय."

"बावीस वर्षं बघताय आणि अजून दिसलं नाही?"

मग त्यांनी सांगितलं. तबकडी उलटी टांगली होती आणि कॅमेराही उलटा लावला होता. त्यामुळे पडद्यावर तार येते ती तबकडीच्या खाली. लोक तार वर शोधतात, खाली कोणी बघत नाही. शिवाय प्रत्येक शॉटआधी ते स्वतः ब्रशनं तारेला मागच्या समुद्राचा रंग द्यायचे. कोणाचा विश्वास बसला नाही. मिओ त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजोबा, जाऊ द्या ना. प्रेमानं बोलावलंय त्यांनी."

ते त्यांना लागलं. साठ वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगून टाकलं. "पुन्हा लावा. धूर बघा."

प्रसंग पुन्हा लावला. तबकडीतून निघणारा धूर सरळ खाली, समुद्राकडे जात होता. सगळे पुढे झुकून बघू लागले. चित्रच उलटं आहे हे पटलं यांना, असं कुझुमींना क्षणभर वाटलं.

हिराबायाशींनी मांडीवर थाप मारली. "अरे, धूर खाली पडतोय!" सभागृहात हशा फुटला. पुढच्या वर्षीचा शर्ट ठरला, असं मागून कोणीतरी जाहीरही करून टाकलं. या लोकांना काहीही दाखवा, त्यांना हसायला एवढंसं मिळालं की पुरे.

मिओ मात्र हसत नव्हती. थांबलेल्या चित्रात ती तबकडीच्या खाली बघत होती, पुन्हा पुन्हा.

"सापडत नाहीये," ती हळूच म्हणाली.

"सापडणारच नाही," कुझुमी म्हणाले.

निघताना हिराबायाशींनी कोरा करकरीत शर्ट आणि पेन पुढे केलं. कुझुमींनी शर्ट टेबलावर पसरला, उलटा फिरवला आणि ठळक सही केली.

"कुझुमीसान, सही उलटी झाली."

"सही बरोबर आहे," पेनाला टोपण लावत कुझुमी म्हणाले. "तुम्ही उलटे उभे राहा."