तोर्ग्नीचं गणित

उत्तर स्वीडनमधल्या त्या गावात, निवडणूक हरल्यावर चौकातली पक्षाची टपरी मोडताना तोर्ग्नी हसत होता.

"जिंकू दे की त्यांना. इथला प्रसूतिविभाग बंद करतील, लोकांचे हाल होतील, आणि मग वीस वर्षं आपल्याला कुणी हलवत नाही."

"हाल कुणाचे रे?" थर्मासमधली उरलेली कॉफी ओतत त्याची बायको गुनवोर म्हणाली.

पुढच्या निवडणुकीत अगदी तसंच झालं. दूरच्या रुग्णालयाच्या वाटेवर, बर्फात अडकलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये एक बाळंतीण दगावली होती. पक्षानं तिचा फोटो पोस्टरवर छापला, अख्खं गाव पेटून उठलं आणि पक्ष दणक्यात निवडून आला.

टपरी मोडायला या वेळी तोर्ग्नी एकटाच आला.



त्यानं पोस्टर उतरवलं आणि फोटोतल्या लेकीच्या गालावरची धूळ बाहीनं पुसली.