ओट्यावरचे बाबा

“अहो, उतरा आधी खाली! डोक्याला तेल आहे तुमच्या!”

बाबा हलले नाहीत. नव्या संगमरवरी ओट्यावर ते उताणे पडले होते. पाय सिंककडे, हात छातीवर, अंगावर शाल.

या ओट्यापायी आईने घरातून आंबट हद्दपार केलं होतं. लिंबाचा थेंब सांडला तरी दगडाची झळाळी जाते, असं कारागिराने सांगितलं होतं. तेव्हापासून टोमॅटो बाल्कनीत चिरले जात आणि चहा बाथरूममध्ये गाळला जाई. गरम पातेलं टेकवायचीही सोय नव्हती. रोज संध्याकाळी आई ओट्यावर पाण्याचा एक थेंब ठेवी आणि वाकून बघत बसे. थेंब टिकला तर दगडावरचा लेप शाबूत. मुरला तर तिला जेवण जात नसे. कालचा थेंब मुरला होता. म्हणून आज कारागीर नवा लेप द्यायला येणार होता. ओट्यावर तेलाचं बोटही नको, ते लेपाखाली कायमचं राहील, असं त्याने बजावलं होतं. आणि इथे तर अख्खं डोकंच!

मुलगा आणि सून दारात येऊन उभे राहिले.

“पाठ धरली असेल,” मुलगा म्हणाला. “कडक जागा बरी पडते.”

“पाठ कसली? संप आहे हा,” सून कुजबुजली. “किती दिवसांत लिंबाची फोड दिसली नाहीये त्यांना.”

आईला ते पटलं. तिने आवाज खाली आणला.

“बरं, लिंबू आणू. बाल्कनीत बसून पिळा.”

बाबा ढिम्म.

“बरं बाई, टेबलावर पिळा. मी खाली कागद घालते.”

ढिम्म.

“लोणच्याची बरणीसुद्धा काढते माळ्यावरून. झालं समाधान?”

बाबांनी मान वळवली. तेलकट डोकं दगडावर वीतभर फिरलं.

“तुझा ओटा छान गार आहे गं,” बाबा डोळे न उघडता म्हणाले.

“असू दे गार! माणसाने झोपायची जागा आहे का ही? लोक काय म्हणतील? उठा म्हणते ना!”

तिने मनगट धरून त्यांना ओढलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग हळूच कपाळाला लावून पाहिला.

“अगं बाई! अंग केवढं तापलंय! कधीपासून?”

“परवापासून.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“दोनदा सांगितलं की. तू ‘हं हं’ म्हणालीस आणि फडकं शोधायला गेलीस.” बाबांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. “मग म्हटलं, ओट्यावर काही गरम ठेवलं, तरच ही धावत येते.”