हात न लागलेले चाकू

वच्छलाबाई गेल्या आणि नेकनूरच्या अर्जुनरावांना घर खायला उठलं. म्हणून त्यांनी चाळीस वर्षं जमवलेले जुने घडीचे चाकू पेटीतून काढून काचेच्या कपाटात मांडले. बघायला येईल त्याला ते छाती फुगवून सांगायचे, "माझ्याबिगर कुणाचा हात लागू दिला न्हाई. बायकोचासुद्धा!"

हे ऐकून गल्लीतल्या बायांबरोबर बघायला आलेली शेजारची सत्यभामा तोंडाला पदर लावून हसली.

"भावजी, ह्यो पितळी मुठीचा माझ्या लखनच्या वेळचा. त्यो शिंगाच्या मुठीचा ह्या विजयमालाच्या पोरीच्या वेळचा. बाळ-बाळंतिणीला नजर लागू नये म्हणून वच्छलाअक्का उशाखाली ठेवायला देत व्हत्या. बारा दिवसांनी पुसून परत न्यायच्या. म्हणायच्या, आमच्या ह्यांला कळू देऊ नका, लई जीव हाय त्यांचा चाकूंवर."

आलेल्या सगळ्या बाया हसायला लागल्या.

अर्जुनरावांनी मात्र कपाट उघडलं आणि सत्यभामेला विचारलं, "तुझ्या सुनेला कितवा महिना लागलाय गं?"