चार लाखांच्या वर

३,८५,०००. आई.
३,९०,०००. श्रीरंग.

"बघ, लगेच!" कालिंदीबाईंनी टॅबलेट मुलीपुढे धरला. "घरात दहा हाका मारल्या तरी ओ द्यायचा नाही. आता सेकंदात उत्तर देतोय."

 सोमवारी बाबांशी भांडून अश्लेषाचा भाऊ श्रीरंग घराबाहेर पडला, त्याला पाच दिवस झाले. फोन बंद. मित्र, फर्दापूरची आत्या, सिडकोचं बसस्थानक. कुठेच पत्ता नाही. जिवंत होता तो फक्त ऑनलाइन क्रिकेटच्या खेळातला त्याचा संघ. एका डावखुऱ्या गोलंदाजाचा आठवडाभराचा लिलाव आज संपणार होता. अश्लेषाच्या संघातून आई त्याच्यावर बोली लावत होती. गोलंदाज तिला नको होता. तिला हरायचं होतं.

३,९५,०००. आई.
४,००,०००. श्रीरंग.

"आई, ते मशीन आहे गं." शेवटी तिने सांगून टाकलं. "जायच्या आधी त्याने चार लाखांची मर्यादा घालून ठेवलीय. तिथपर्यंत आपोआप बोली लागते. काल दुपारी त्याच्या पासवर्डने आत जाऊन मी बघितलं."

आईने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे चार लाखांच्या वर गेलं, तर तो असला तरच उत्तर येणार?"

"आई, नको."

४,०५,०००. आई.

 

 

एक मिनिट गेलं. मग दुसरं. पाचवंही गेलं. आईची बोली सगळ्यांच्या वर. लिलावाची चार मिनिटं उरली.

"दे ना रे," ती टॅबलेटला म्हणाली. "एकदा उलटून बोल. मी नाही रागावणार."

अश्लेषा उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून तिने आपल्या फोनवर भावाचं खातं उघडलं. एकच बोली लावायची, चार लाख दहा हजार. आईच्या घशाखाली आज दोन घास तरी उतरतील. खोटं तर खोटं.

पासवर्ड टाकला. चूक.

एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. चूक.

खाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली.

'हा पासवर्ड तीन मिनिटांपूर्वी बदलण्यात आला आहे.'