एक पायरी मागे

स्क्रीन काळी झाली. मुलीचा हात झटकन लॅपटॉपकडे गेला, पण बाबांनी तो डाव्या हाताने अडवला. त्यांचा उजवा हात गेल्या वर्षीच्या लकव्याच्या झटक्यापासून मांडीवर नुसता पडून होता.

"मी करते ना, बाबा."

"तू फक्त सांग. हात लावू नकोस."

जेवणं झाल्यापासून हेच चाललं होतं. बाबांनी तीस वर्षं ट्रक हाकला. आता लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ते ट्रकचा गेम खेळत. गेम प्रत्येक वळणावर अडखळायचा आणि बाबांचा पारा चढायचा. ग्राफिक्स कार्डाचा वेग थोडा वाढवता येतो, असं सहज बोलून मुलीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

तिला पाच वाजेपर्यंत उत्तर कळवायचं होतं. दुसऱ्या शहरातली नोकरी, अगदी हवी तशी, चार दिवसांपूर्वी मेलवर आली होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नकार लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी होता. खालच्या मजल्यावरची आत्या 'मी बघते त्याला' असं हजारदा म्हणाली होती. पण बाबांची गोळी, बाबांचा चहा, बाबांचा हरवलेला चष्मा, सगळं तिच्याच गळ्यात. बाबांना चार जिने उतरता येत नव्हते. तिला येत होते, तरी तीही त्या खोलीतच अडकली होती. याचा तिला राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची.

बाबांनी बटण दाबलं आणि लॅपटॉप पुन्हा चालू झाला.

"बघा, सगळं पहिल्यासारखं," ती म्हणाली. "जास्त झालं तर बंद करून चालू करायचं, एवढंच. कार्डाचा वेग सव्वाशेने वाढवल्यावर स्क्रीन गेली ना? मग शंभरलाच थांबायचं."

"एक पायरी मागे," असं पुटपुटत बाबांनी डाव्या हाताने वहीत लिहिलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एका ओळीला दोन मिनिटं लागली. वर पानभर आधीच झालं होतं. लॅपटॉप गादीवर नाही, स्टँडवर, खालून हवा लागली पाहिजे. व्होल्टेजला हात नाही. वेग पंचवीसने वाढव, पंधरा मिनिटं चालव, तापमान बघ. पंच्याऐंशीच्या वर गेलं की उतर. रंगीत ठिपके दिसले की उतर.

"अहो बाबा, लिहिता कशाला? मी आहे ना."

बाबांनी मान वर केली नाही. साडेचार वाजले होते.

कार्डाचा वेग शंभरने वाढवून बाबांनी ट्रक घाटात घातला. वळण आलं आणि गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. तापमान एक्क्याऐंशीवर थांबलं, पंधरा मिनिटं तिथेच राहिलं. बाबा गालातल्या गालात हसले. कित्येक महिन्यांनी ती त्यांना हसताना बघत होती. यांना सोडून कुठे जाणार, असं मनाशी म्हणत तिने फोन काढला आणि लिहून ठेवलेला नकार उघडला.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "आता परत अडकलं, तर मला हाक मारा."

बाबांनी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक लावला आणि पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं.

"तुझं मेल या लॅपटॉपवर उघडंच राहिलंय, बाळा. तुझी आत्या उद्यापासून इथेच राहायला येतेय. आणि माझी हाक त्या शहरापर्यंत ऐकू जायची नाही, म्हणून तर शिकून घेतलं."