यूज्ड टू

सूनबाई सासूला रोज थोडं इंग्रजी शिकवायची. आज म्हणाली, "आई, जे पूर्वी होतं आणि आता उरलं नाही, तिथं 'यूज्ड टू' लावायचं. आय यूज्ड टू सिंग. म्हणजे, मी लग्नाआधी गायचे." एवढं सांगून ती कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेली.

तेवढ्यात मुलगा फोनवर बोलत खोलीतून बाहेर आला. कुणाला तरी सांगत होता, "माय वाइफ यूज्ड टू लिव्ह हिअर."

सासूबाईंना हसू आवरेना. "एवढी बुकं कोळून प्यायलास, आणि इथं माती खाल्लीस? चुकलास की रे, शहाण्या! बायको तुझी वर कपडे वाळत घालतेय, चांगली धडधाकट!"

त्याने शांतपणे फोन खिशात ठेवला.



"चुकलो नाही, आई," तो म्हणाला, आणि गच्चीचा जिना चढू लागला.