देवकापूस

लढाईमुळे धान्य महागलं, तेव्हा सरकारने जाहीर केलं, की कापूस सोडून ज्वारी पेरेल त्याला एकरामागे मदत मिळेल. शिरपूरजवळच्या वना नावाच्या शेतकऱ्याने सगळं शेत ज्वारीखाली घातलं. पाहणीला आलेल्या साहेबांना शेत आवडलं. मात्र बांधाशी कापसाचं एक जुनं झाड होतं, तिथे ते थांबले. "हाऊ इकाना कापूस नही, साहेब," वना घाईने म्हणाला, "देवकापूस शे. दिवानी वातले लागस." "विकायचा नसेल हो, वातीचा असेल. पण शेतात कापूस नाही असं मला लिहायचंय. एवढं काढून टाका, मदत आजच मंजूर करतो." वना जागचा हलला नाही. त्याची बायको यशोदाबाई चिडली. एका झाडापायी मदत घालवायची? झाड काय, पुन्हा लावता येतं. तिने पदर खोचला, बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि हिसका दिला. "हळू!" वना ओरडला. "हळू वं. खाले आपली पोर निजेल शे." सहा वर्षांपूर्वी बाळंतिणीच्या खाटेवरून तिने नऊ दिवसांची, गार पडलेली मुलगी त्याच्या हातांत दिली होती. कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. तिनेही कधी विचारलं नव्हतं. रोज संध्याकाळी वात मात्र ती याच झाडाची लावत होती. "राहू द्या, राहू द्या," साहेब पुटपुटले. पण भिजल्या मातीतून झाड मुळासकट निघालं होतं. यशोदाबाई तिथेच खाली बसली आणि तिने ते मांडीवर आडवं घेतलं.